अंगणातील औषधी बाग : निवड, कीड आणि वैद्याची जबाबदारी

गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग. काशीमीरा येथील आमच्या चिकित्सालयात एक माता आपल्या पाच वर्षांच्या मुलास घेऊन आली. साधा कफज कास. चिंतेचे कारण नव्हते. औषध देऊन झाल्यावर नेहमीच्या सवयीने आम्ही सांगितले, की घराजवळ तुळस व अडुळसा असल्यास त्यांचा स्वरस मधातून द्यावा. बाई थोड्या घुटमळल्या. "आमच्या सोसायटीच्या बागेत दोन्ही आहेत डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पण परवाच माणूस येऊन सगळ्या झाडांना औषध मारून गेला. पाने धुऊन घेतली तर चालतील ना?" कोणते औषध, हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही त्या सोसायटीच्या चिटणीसांना दूरध्वनी केला. त्यांनाही ठाऊक नव्हते. ठेका दिलेला होता, माणूस येऊन जात होता, पंपात काय असते हे कोणी विचारले नव्हते.

मराठीत कीटकनाशकासही 'औषध' म्हणतात. शेतकरी पिकावर औषध मारतो आणि आपण रुग्णास औषध देतो. या एका शब्दाची दोन टोके त्या दिवशी आमच्या मेजावर एकत्र आली. आजवर किती रुग्णांना आम्ही 'घराजवळची पाने घ्या' असे सांगितले असेल याची गणती नाही. त्यांपैकी एकासही ती पाने कोठली, हे आम्ही विचारले नव्हते.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. त्या मातेस आम्ही आमच्या अंगणातील तुळस देऊ केली आणि पाने खुडावयास सांगितली. तेव्हा आमचा मदतनीस अडखळत म्हणाला, की तुळशीची पाने वळू लागली होती म्हणून चार दिवसांपूर्वी त्याने कुंड्यांवर तंबाखूचे पाणी फवारले आहे. तो उपाय त्यास आम्हीच शिकविला होता. 'नैसर्गिक आहे, चिंता नको' हे शब्दही आमचेच. तंबाखूतील निकोटिन हे विष आहे, ते त्वचेतूनही शरीरात शिरते, हे आपणा सर्वांस पदवीपूर्व अभ्यासक्रमापासून ठाऊक आहे. तरीही ते तुळशीच्या पानावर मारताना आमच्या मनात शंका आली नाही, कारण ते दुकानातून आणलेल्या बाटलीतून आलेले नव्हते. त्या मुलास शेवटी आम्ही केवळ चूर्णच दिले.

या प्रसंगानंतर आम्ही आमच्या बागेचा मुळापासून विचार केला. त्यातून जी मते बनली ती येथे मांडीत आहोत. वैद्यबंधूंपैकी काहींना ती कटू वाटतील याची आम्हांस कल्पना आहे.

पहिले मत असे, की औषधी बागेतील बहुतेक किडीचे व रोगाचे मूळ रोपवाटिकेच्या दारातच असते. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात जांगल, आनूप व साधारण अशा त्रिविध देशांचे वर्णन करून मगच द्रव्यसंग्रहाचा विचार मांडला. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय नावाचा स्वतंत्र अध्याय त्यासाठी खर्ची घातला. वारुळे, स्मशाने, बिळे असलेली भूमी टाळावी, किडीने, विषाने, अतिजलाने दूषित झालेले द्रव्य घेऊ नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. हे अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केले. प्रत्यक्ष रोप आणताना मात्र आपण फक्त कुंडीवरची पाटी वाचतो आणि 'अश्वगंधा मिळाली' म्हणून हर्षभरित होऊन घरी येतो.

काशीमीरा परिसराचा देश कोणता? पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस मीरा रोड व भाईंदरकडे उतरत गेलेली खाजणे आणि मिठागरे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ग्रंथोक्त परिभाषेत हा आनूप देश होय. परंतु या आनूपातही पोटभेद आहेत. चेणे, वरसावे, माशाचा पाडा या बाजूस डोंगराच्या पायथ्याची मुरमाड, तांबूस जमीन आहे. तिच्यावर कितीही पाऊस पडला तरी पाणी उतारावरून निघून जाते. तेथून दोन-तीन किलोमीटर पश्चिमेस सरकले, की भरणी केलेल्या खाजणावर उभ्या असलेल्या वसाहती लागतात. तेथे वर इमारतीच्या राडारोड्याची माती, खाली खारवट चिकण, आणि पावसाळ्यात पाणी मुरावयास जागाच नाही. एकाच महानगरपालिकेच्या हद्दीतील या दोन जागांना एकच रोपांची यादी देणे म्हणजे वातप्रकृती व कफप्रकृती रुग्णास एकच पथ्य सांगण्यासारखे आहे.

अश्वगंधेच्या बाबतीत आम्ही नेमके हेच केले. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौरच्या कोरड्या पट्ट्यात उत्तम येणारी ही वनस्पती आम्ही हौसेने दोन वाफ्यांत लावली. तिला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पुरतो. येथे त्याच्या तिप्पट पडतो. जुलैत मूळकूज सुरू झाली, उरलेल्या रोपांची पाने ठिपकेदार हड्डा भुंगेऱ्यांनी चाळणीसारखी केली. आम्ही निंबोळी अर्क मारला, राख धुरळली, ताक शिंपडले. सप्टेंबरात वाफे रिकामे झाले. दोष भुंगेऱ्याचा नव्हता. पाण्यात उभे राहून जे रोप आधीच अर्धमेले झालेले असते त्यावर कीड तुटून पडते, इतकेच. गुग्गुळाचीही तीच कथा. कच्छ-राजस्थानच्या वाळवंटी भूमीतील हा वृक्ष आज निसर्गात अतिसंकटग्रस्त मानला जातो, त्याचे जतन झालेच पाहिजे. पण ते त्याच्या देशात. काशीमीरा येथील पावसात त्याचे खोड कुजत जाताना पाहणे यात जतन कसले?

याउलट येथील डोंगरात जे आपोआप उगवते ते अंगणात फारसे आजारी पडत नाही. अडुळसा, निर्गुडी, करंज, कुडा, बहावा, बेहडा, अनंतमूळ, गुळवेल यांना आम्ही दहा वर्षांत एकदाही औषध मारलेले नाही. अडुळशाला शेळीही तोंड लावत नाही, म्हणून तर आपल्या लोकांनी त्याचे कुंपण केले. निर्गुडीचा पाला धान्यात घालण्याची पद्धत आपल्या आज्यांना ठाऊक होती. ज्या पाल्याने कोठारातील कीड दूर राहते त्या झाडाला किडीची भीती किती असणार? शतावरी उतारावर उत्तम येते, सपाट भरणीच्या मातीत तिची मुळे कुजतात. तेथे ती उंच वाफ्यावर किंवा मोठ्या कुंडीतच लावावी. मंडूकपर्णी व जलब्राह्मी नळाच्या सांडपाण्याच्या कडेस लावण्याचा मोह होतो, कारण तेथे त्या जोमाने वाढतात. पण त्या कच्च्या खाल्ल्या जातात, तेव्हा पाणी स्वच्छच हवे. कोरफड पावसाळ्यात पत्र्याखाली घ्यावी. हळद व आले यांना निचरा नसेल तर कंदकूज ठरलेली. राडारोड्याच्या मातीत ती लावूच नयेत.

अशोकाविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. आमच्या भागातील बहुतेक सर्व वसाहतींच्या कडेने उंच, सरळ, लोंबत्या पानांचा जो 'अशोक' लावलेला दिसतो तो आपला अशोक नव्हे; तो सीताफळाच्या कुळातील आहे, आणि त्याची साल खऱ्या अशोकाच्या सालीत भेसळ म्हणून सर्रास येते. खरा अशोक, म्हणजे सराका असोका, हा सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या घळीतील वृक्ष. दोन इमारतींमधील अर्धसावली, कोकणातील दमट हवा हे सारे त्याला मानवते. जेथे विकासकाने दहा खोटे अशोक लावले तेथे दोन खरे लावले असते तर आज प्रत्येक वसाहतीत फेब्रुवारी-मार्चमध्ये केशरी फुलांचे घोस दिसले असते आणि विद्यार्थ्यांना खरा अशोक ओळखता आला असता. एवढे मात्र आवर्जून सांगतो, की या झाडांची साल कोणी काढू नये. ती झाडे ओळखण्यासाठी आहेत.

गुळवेलीबाबत तर ओळखीचा प्रश्न प्राणाशी गाठ घालणारा ठरला. कोविडच्या काळात लोकांनी जेथे मिळेल तेथून 'गुळवेल' आणून तिचे काढे घेतले. २०२१ साली मुंबईतील काही रुग्णांमध्ये यकृतास इजा झाल्याचे यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केले आणि मोठा वाद झाला. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले, आणि पुढे टिनोस्पोरा क्रिस्पा या दिसावयास सारख्या असणाऱ्या वेलीशी गोंधळ करू नये, अशी सूचनाही काढली. त्या वेलीच्या करड्या खोडावर बारीक गाठी उठलेल्या असतात. या वादात कोणाची बाजू किती खरी याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण रोपवाटिकेतून 'गिलोय' म्हणून आलेली वेल आपण स्वतः ओळखून लावली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक वैद्याने स्वतःस विचारावा. आमच्या अंगणातील एका वेलीबद्दल आम्हांस शंका आली तेव्हा आम्ही ती उपटून टाकली. संशयितास येथे संशयाचा फायदा देऊ नये.

गुळवेलीचीच आणखी एक गोष्ट. विदर्भातील संत्र्याच्या बागांत रात्री येऊन फळातील रस शोषणारा एक पतंग असतो. त्याने भोक पाडलेले फळ सडून गळते. या पतंगाची अळी संत्र्यावर जगत नाही. ती गुळवेल व वासनवेल यांच्या पानांवर वाढते. म्हणून तेथील बागायतदारांना बागेभोवतीच्या गुळवेली काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. आपली अमृता, आणि संत्रेवाल्याच्या दृष्टीने कीड पोसणारे तण! झाडाची योग्यता स्थानावर ठरते याचे याहून बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. काशीमीरा येथे संत्र्याच्या बागा नाहीत, तेव्हा येथे गुळवेल खुशाल लावावी.

निवड झाली, जागा ठरली, तरी कीड येतच नाही असे नाही. येथे आमचे दुसरे मत. वैद्य रोग्यास पाहताना निदान करतो, निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा मानतो, आणि तोच वैद्य झाडाचे पान पिवळे दिसताच हाती फवारणीचा पंप घेतो, हे विसंगत आहे.

या संदर्भात डॉ. य. ल. नेने यांचे स्मरण होते. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात असताना १९६६ साली त्यांनी तराईतील भाताच्या 'खैरा' रोगाचे कारण शोधून काढले. शेतेच्या शेते तांबूस होऊन खुरटत होती. कारण निघाले जमिनीतील जस्ताची कमतरता. जंतू नाही, कीड नाही. नुसत्या जस्ताच्या फवारणीने भात पुन्हा हिरवे झाले. याच नेने यांनी पुढे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची हस्तलिखित प्रत मिळविली, आणि नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ साली सिकंदराबादच्या एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केला. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा, ३२५ श्लोकांचा हा ग्रंथ. वनस्पतिरोगशास्त्रज्ञाने आपल्याला आपला ग्रंथ शोधून द्यावा, ही गोष्ट आम्हा वैद्यांना अंतर्मुख करणारी आहे.

सुरपालाने वृक्षांच्या रोगांची मांडणी वात, पित्त व कफ या दोषांनुसार केली आहे. आपल्यापैकी अनेक जण त्यातील पाककृती तेवढ्या उचलतात. कुणपजलाचे प्रयोग तर आता शहरी गच्च्यांवरही होऊ लागले आहेत. आमच्या मते त्या ग्रंथाचे मोल त्यातील पाककृतींपेक्षा विचारपद्धतीत अधिक आहे. पान पिवळे पडले, तर ते कोणत्या ऋतूत पडले, पाणी जास्त झाले की कमी, जमीन रूक्ष की अतिस्निग्ध, हे आधी पाहावयास तो शिकवितो. मांस, मेद, मज्जा कुजवून केलेले कुणपजल फळझाडाच्या आळ्यात घालणे निराळे आणि ज्या ब्राह्मीचे पान उद्या सकाळी विद्यार्थ्याला चावून खावयास सांगणार त्या वाफ्यात ओतणे निराळे. कच्च्या शेणाचेही तसेच. तबेल्यावरून आणलेले शेण सहा महिने चांगले कुजवूनच वापरावे. ताज्या शेणात हुमणीची अळी वाढते, आणि पानावर उडालेल्या शेणातील जंतू रुग्णाच्या पोटात जातात.

मदतनिसाने तंबाखू मारली त्या तुळशीकडे परत येऊ. तिची पाने का वळत होती? आम्ही पान उलटे करून भिंगातून पाहिले. पाठीमागे काळसर ठिपके आणि जाळीदार पंखांचे, मोहरीहून बारीक ढेकूण. तुळशीवर ही कीड हल्ली फार आढळते; रस शोषल्याने पान वळते, तपकिरी होऊन वाळते. कुंड्या भिंतीलगत, एकीला एक चिकटून, मंजिऱ्या महिनोन्महिने न खुडलेल्या, झाडे तीन वर्षांची जून झालेली. निदान झाले. जून झाडे काढली, कुंड्या एकमेकींपासून हातभर दूर, सकाळच्या उन्हात ठेवल्या, मंजिऱ्या वेळेवर खुडू लागलो, आणि आठवड्यातून दोनदा पानांच्या पाठीवर पाण्याची जोरदार धार मारू लागलो. सुरपालानेही किडीवर सलग सात दिवस थंड पाणी घालण्यास सांगितले आहे, हे आम्ही नंतर वाचले. कीड पूर्ण गेली असे म्हणणार नाही. दहातील आठ पाने चांगली निघतात. देवाला आणि रुग्णाला तेवढी पुरतात.

जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण हा या भागातील दुसरा नेहमीचा त्रास. पांढरा कापसासारखा थर दिसतो, खालची पाने चिकट व काळी होतात. येथे आधी मुंग्या पाहाव्यात. ढेकणाच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, लेडीबर्ड भुंगेऱ्यांना हुसकतात. कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवली, खोडाला चिकटपट्टी बांधली, की मुंग्यांची वाट तुटते आणि भुंगेरे आपले काम करतात. या मित्रकीटकांचे सामर्थ्य किती याचा दाखला फार जुना नाही. २००८ साली कोइमतूरजवळ पपईवरील पिठ्या ढेकूण हा परदेशी शत्रू भारतात प्रथम आढळला आणि पाहता पाहता पपई, तुती, कसावा यांचा फडशा पाडीत महाराष्ट्रातही आला. रसायने हरली. २०१० साली पोर्टो रिकोहून अ‍ॅसेरोफॅगस पपायी हा सूक्ष्म गांधीलवर्गीय कीटक आणून सोडण्यात आला आणि त्याने अल्पावधीत ढेकूण आटोक्यात आणला. आपण अंगणात सरसकट विष फवारतो तेव्हा हे रक्षक आधी मरतात. ढेकूण मेणाच्या कवचाखाली सुखरूप राहतो.

काही किडी तर किडी म्हणून मोजूच नयेत. बेल, कढीपत्ता व लिंबावर येणारी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे फुलपाखरू होते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले नीलवंतही लिंबाच्याच कुळावर वाढते. बहाव्याची पाने खाणारी हिरवी अळी, रुईवरील काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, अनंतमुळावरील अळी, या साऱ्या फुलपाखरांच्याच. मोठे झाड काही पाने गमावून मरत नाही. करंजाच्या पानांवरील फोडांसारख्या गाठी पाहून रहिवासी घाबरून आमच्याकडे येतात. त्या सूक्ष्म कोळ्यांमुळे होतात आणि झाडास त्यांचा उपद्रव नगण्य असतो. निरोगी रुग्णास औषध न देणे हे जसे वैद्याचे कौशल्य, तसेच हेही.

इतके करूनही फवारणी लागलीच, तर कडुनिंब. १९६२ साली टोळधाडीच्या वेळी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान व सहकाऱ्यांनी निंबोळीच्या पाण्याने पिके राखता येतात हे दाखविले. कडुनिंबाच्या बुरशीनाशक उपयोगावरील युरोपीय एकस्व २००० साली रद्द झाले आणि २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने लेख लिहिले. अभिमान असावा, पण मात्राही ठाऊक असावी. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारावी, कारण त्यातील अ‍ॅझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निष्प्रभ होते. ते किडीस जागच्या जागी मारीत नाही. तिची भूक मारते, कात टाकण्याची क्रिया बिघडविते. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून दुप्पट मारू नये. आणि फवारलेल्या झाडाची पाने आठवडाभर खुडू नयेत. आम्ही अशा कुंडीस लाल दोरा बांधतो.

आता वादाचा मुद्दा. आमचे काही मित्र दशपर्णी अर्काचे पुरस्कर्ते आहेत आणि सेंद्रिय शेतीतील त्याचा उपयोग आम्हांसही मान्य आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्यांनी त्या बातम्या वाचल्या ते रसायनांची बाजू घेणार नाहीत. परंतु दशपर्णीत काय पडते हे पाहावे. कडुनिंब, निर्गुडी, करंज यांबरोबर रुई, एरंड, घाणेरी आणि बहुधा कण्हेरही. कण्हेराचे हृदयावरील कार्य आपण अगदतंत्रात शिकलो आहोत. शेतातल्या कपाशीवर हा अर्क मारला तर ती कोणी खात नाही. भाजीवर मारला तर मध्ये दिवस जातात, ती धुतली जाते, शिजते. औषधी बागेतील पान मात्र आज खुडून आज वाटले जाते, आणि ते घेणारा आधीच रोगी असतो, पुष्कळदा लहान मूल. म्हणून स्वरसासाठी वा चावून खाण्यासाठी राखलेल्या झाडांवर दशपर्णी, तंबाखूचे पाणी व सीताफळाच्या बियांचा अर्क यांपैकी काहीही मारू नये, असे आमचे ठाम मत आहे. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी लावताना डोळ्यात जाऊन झालेली इजा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. विष प्राणिज, वनस्पतिज व खनिजही असते हे सांगणारे शास्त्र आपले. 'वनस्पतिज म्हणून निर्विष' हा तर्क निदान वैद्याच्या तोंडी शोभत नाही.

यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "अहो, मग इतकी बंधने घातल्यावर बाग करावयाची तरी कशाला? चूर्ण बाजारात मिळतेच." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. महामार्गालगत ज्यांचा दवाखाना आहे त्यांनी तर खाण्याची झाडे लावूच नयेत. शिसेयुक्त पेट्रोल देशातून २००० साली गेले, पण मातीत बसलेले शिसे सहज जात नाही, आणि वाहनांची धूळ रोजच बसते. वनौषधींत शिसे दशलक्षांश १० भागांहून अधिक नसावे अशी मर्यादा आयुर्वेदीय फार्माकोपियात आहे. अहमदाबाद महामार्गाच्या कडेची तुळस ती पाळते की नाही हे तपासल्यावाचून कोण सांगणार? अशा ठिकाणी अशोक, बहावा, कुडा लावावे, त्यांवर नावाच्या पाट्या लावाव्यात. ती ओळखीची बाग. खाण्याची बाग मागच्या अंगणात, गच्चीवर, पाच-सहा वनस्पतींचीच करावी आणि तिचा पंप, झारी, माती सारे वेगळे ठेवावे. आम्ही चाळीस वनस्पतींवरून अशा सातांवर आलो आहोत. शोभा कमी झाली हे खरे.

सोसायट्यांच्या बाबतीत आपल्या संघटनेने पुढाकार घ्यावा. दर फवारणीआधी कोणते द्रव्य, किती, आणि किती दिवस पाने खुडू नयेत हे फलकावर लिहावे, एवढी साधी मागणी प्रत्येक वैद्य आपल्या वसाहतीत करू शकतो. वर उल्लेखिलेल्या सोसायटीने ती मान्य केली. तुळस व अडुळशाचा एक कोपरा फवारणीतून वगळलाही. डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणी होते तेव्हा त्या कोपऱ्यावर जुनी चादर टाकण्याचे काम तेथील मुलांनी अंगावर घेतले आहे. आणि आपण स्वतः चिकित्सापत्रावर 'तुळशीची पाने' लिहिताना ती कोठून आणणार हा प्रश्न विचारावा. त्यास अर्धे मिनिट लागते.

शेवटची सूचना रोपवाटपाविषयी. आजवर आपण धन्वंतरी जयंतीस रोपे वाटत आलो. २०१६ पासून आयुर्वेद दिनही त्याच दिवशी होत असे. आश्विन वद्यात पाऊस संपलेला, ऑक्टोबरचे ऊन तापलेले. त्यात कोवळे रोप सावरण्याआधीच मावा आणि कोळी धरतात, आणि रोप नेणारा म्हणतो, 'औषधी झाडे जगत नाहीत.' २०२५ पासून आयुर्वेद दिन २३ सप्टेंबरला निश्चित झाला आहे. तो काहीसा बरा, पण पावसाची तेव्हाही पाठच दिसू लागलेली असते. भाषणे, सत्कार त्या दिवशी खुशाल व्हावेत. रोपे मात्र ज्येष्ठ संपता संपता, पहिल्या दोन सरी पडून जमीन भिजली की वाटावीत, आणि भरणीच्या वस्तीत राहणाऱ्यास शतावरी देण्याऐवजी अडुळसा द्यावा.